आधी कम्युनिटी कॉलेज की थेट स्टेट युनिव्हर्सिटी? कॅलिफोर्नियातल्या ट्रान्सफरचा हिशेब

एप्रिल महिना. सॅन होजे स्टेटचं प्रवेशपत्र हातात आहे, बर्कली आणि डेव्हिसने नाही म्हटलंय. मग घरात बेत शिजतो: दोन वर्षं स्टेटमध्ये काढू, चांगले गुण मिळवू आणि तिथून यूसीला, म्हणजे बर्कली-डेव्हिस जिचे कॅम्पस आहेत त्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर घेऊ. बे एरियातल्या मराठी घरांत हे बोलणं नेहमीचं. यूसीला नंतर जायचा विचार अगदी योग्य आहे. गल्ली चुकते ती पहिल्याच वळणावर.

ट्रान्सफरच्या रांगेत यूसी सर्वांत आधी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या दोन वर्षांच्या कॉलेजांच्या, मुलांना घेते. कॅल स्टेटमधून (सॅन होजे स्टेट जिचा भाग आहे ती कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) येणारा मुलगा त्यांच्या मागे उभा राहतो. यूसीएलएत ट्रान्सफरने प्रवेश मिळणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण कम्युनिटी कॉलेजमधूनच आलेले असतात. ही रचना राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमधून आली आहे. त्यात बारावीच्या वरच्या एक-अष्टमांश मुलांसाठी यूसी, वरच्या एक-तृतीयांशासाठी कॅल स्टेट आणि सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेज अशी वाटणी झाली, आणि कम्युनिटी कॉलेजातून वर चढायची वाट मुद्दाम रुंद ठेवली गेली. स्टेट युनिव्हर्सिटी हा तिथे मुक्काम धरलेला आहे. तिचा जिना करायला गेलात तर पायऱ्या सापडत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न ‘दोन वर्षं कुठे काढायची’ हा नाही. शेवटची पदवी कोणत्या विषयात आणि साधारण कुठून हवी आहे, हे आधी ठरवा आणि तिथून मागे मागे या.

मुक्काम ठरला की उत्तर निम्मं मिळतं

हव्या त्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) स्टेट युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश मिळाला असेल आणि तिचीच पदवी चालणार असेल, तर जागा घ्या. कम्युनिटी कॉलेजच्या फंदात पडू नका. नर्सिंग, संगणकशास्त्र, इंजिनिअरिंग अशा मेजरांना अनेक कॅल स्टेट कॅम्पसवर जागांपेक्षा अर्ज जास्त असतात. तिथे याला ‘इम्पॅक्टेड’ म्हणतात. आज सोडलेली जागा दोन वर्षांनी ट्रान्सफरने मिळेलच याचा भरवसा नाही. मात्र प्रवेशपत्रावर मेजरचं नाव नीट वाचा. युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला पण मेजर ‘अनडिक्लेअर्ड’ आहे, आणि पुढे संगणकशास्त्रात शिरू असं मनात असेल, तर कॅम्पसच्या आत मेजर बदलायचे नियम आधी वाचा. इम्पॅक्टेड मेजरमध्ये आतून शिरणं कधीकधी बाहेरून येण्यापेक्षा कठीण असतं.

यूसीचीच पदवी हवी असेल तर कम्युनिटी कॉलेज. इथे बारावीचे गुण मागे पडतात. निर्णय मुख्यतः कॉलेजच्या गुणांवर होतो. नववी-दहावीत घसरलेल्या मुलाला ही खरोखर कोरी पाटी मिळते.

मेजर ठरलेलंच नसेल तर पुष्कळ लोक डोळे मिटून कम्युनिटी कॉलेज सुचवतात. स्वस्तात चाचपणी होते हे खरं. पण ही चाचपणी एका सेमिस्टरपलीकडे लांबली तर गणित आणि फिजिक्सची साखळी मागे पडते आणि दोन वर्षांची तीन होतात. इंजिनिअरिंगची शक्यता अर्धी-पाऊण जरी असली तरी पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस घ्या. इंजिनिअरिंगवरून अर्थशास्त्राकडे वळणं सोपं, उलटं फार महाग.

पैशाचा हिशेब, खरा

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला (युनिट म्हणजे विषय मोजायचं माप, क्रेडिट) ४६ डॉलर पडतात. २०१२ च्या उन्हाळ्यापासून हा दर तोच आहे. वर्षाला ३० युनिट धरली तर १,३८० डॉलर, दोन वर्षांचे २,७६० डॉलर. डी अँझासारख्या क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या सत्रांवर, चालणाऱ्या कॉलेजात युनिटला ३१ डॉलर. क्वार्टर युनिट सेमिस्टर युनिटच्या दोन-तृतीयांश असतं, म्हणून एकूण आकडा जवळपास तोच येतो. कॅल स्टेटची फी २०२५-२६ साठी वर्षाला ६,४५० डॉलर आहे, कॅम्पसचे शुल्क वेगळे, आणि दरवर्षी साधारण ६ टक्के वाढ मंजूर झालेली आहे. यूसीचं वर्ष नव्या विद्यार्थ्याला १५ हजारांच्या आसपास जातं, राहणं-खाणं सोडून.

म्हणजे मुलगा घरूनच जाणार असेल तर कम्युनिटी कॉलेज आणि कॅल स्टेट यांतला दोन वर्षांचा फरक साधारण साडेदहा हजार डॉलर. डॉर्ममध्ये राहणार असेल तर फरक बराच वाढतो, कारण मोठा खर्च खोली आणि जेवणाचा असतो. आता दुसरी बाजू पाहा. एक साखळी चुकली आणि यूसीत एक वर्ष जादा लागलं, तर वाचवलेले साडेदहा हजार त्या एका वर्षाच्या फीतच जातात, वर घरभाडं आणि वर्षभराचा बुडालेला पगार. कम्युनिटी कॉलेज स्वस्त पडतं ते वेळेत बाहेर पडलात तरच.

आर्थिक मदतीचा अर्ज, म्हणजे केंद्राचा एफएएफएसए किंवा राज्याचा कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा, कम्युनिटी कॉलेजला जाणाऱ्यानेही भरायचा असतो. ‘फी इतकी कमी, मग कशाला’ म्हणून तो सोडला जातो. पात्र विद्यार्थ्याला प्रॉमिस ग्रँटमधून युनिटची फीच माफ होते. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या आणि दर सत्राला किमान १२ युनिट घेणाऱ्यांना दोन वर्षं फी माफ करण्याची योजनाही अनेक कॉलेजांत आहे, पण तीही याच अर्जावर अवलंबून असते.

एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या एच-१बी वर्क व्हिसावर अवलंबून, असलेल्या मुलांचं गणित वेगळं आहे. कॅलिफोर्नियात वर्षभराहून अधिक वास्तव्य असेल तर त्यांना रहिवाशाची फी लागू होऊ शकते, मात्र केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, आणि ट्रान्सफर घेणाऱ्या मुलाची एकवीस बहुधा यूसीत गेल्यावरच पूर्ण होतात. स्टेटस बदलल्यावर फी कोणत्या दराने लागेल, हे प्रवेश घेण्याआधी त्या कॅम्पसच्या रेसिडेन्सी कचेरीकडून लेखी विचारून ठेवा. यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३० हजार डॉलरहून अधिक जादा भरावे लागतात, त्यामुळे हा एकच प्रश्न सगळा बेत उलटवू शकतो.

पुण्या-मुंबईहून बारावीनंतर थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कम्युनिटी कॉलेजला यायचं असेल तर ४६ डॉलर विसरा. बाहेरच्या विद्यार्थ्याला प्रत्येक युनिटमागे आणखी काही शे डॉलर पडतात. दर सत्राला किमान १२ युनिट घ्यावीच लागतात आणि त्या बारांत ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. असोसिएट पदवीनंतर कामाची परवानगी मिळू शकते, पण त्या परवानगीला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) मुदतवाढ बॅचलर्सपासून पुढेच. एजंट हे क्वचितच सांगतो.

असिस्टचं पान कसं वाचायचं

कॉलेज निवडण्याआधी असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय यूसी किंवा कॅल स्टेटच्या कोणत्या विषयाला चालतो, याचे करार तिथे असतात. आधी वर्ष निवडा, मग कम्युनिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटी, मग मेजर. पान उघडलं की एका बाजूला युनिव्हर्सिटीचा विषय आणि समोर तुमच्या कॉलेजचा विषय दिसतो. दोन विषयांमध्ये ‘अँड’ असेल तर दोन्ही घ्यावे लागतात, ‘ऑर’ असेल तर एक पुरतो. ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं असेल तर तुमच्या कॉलेजात त्याला जोड नाही. असे दोन-तीन रकाने रिकामे दिसले तर शेजारच्या कॉलेजचं पान पाहा. घरापासून दहा मैल जास्त लांबचं कॉलेज निवडायला हे पुरेसं कारण आहे.

हे पान तीन-चार युनिव्हर्सिट्यांसाठी उघडा, प्रत्येकाची पीडीएफ ठेवा आणि सगळे विषय एका कागदावर उतरवा. सगळीकडे लागणारे विषय वर, एकाच ठिकाणी लागणारे खाली. अर्थशास्त्राच्या यादीत कॅल्क्युलस किती खोल लागतो, संगणकशास्त्रात एखादा कॅम्पस असेम्ब्ली लँग्वेज मागतो का, हे त्या कागदावर लगेच दिसतं. पुढची दोन वर्षं हाच कागद नकाशा.

इथे एक गफलत फार होते. कॉलेजच्या पुस्तिकेत विषयासमोर ‘यूसी ट्रान्सफरेबल’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की युनिट मोजली जातील. मेजरची अट त्याने पूर्ण होते असं नाही. ते फक्त असिस्टचा करार सांगतो. मुलं पहिली ओळ वाचून निर्धास्त होतात आणि तिसऱ्या वर्षी तोच विषय पुन्हा घेतात.

गणिताची साखळी तोडू नका

इंजिनिअरिंग, फिजिक्स, संगणकशास्त्र यांची अडचण विषयांच्या संख्येची नाही, क्रमाची आहे. कॅल्क्युलस एक, मग दोन, मग मल्टिव्हेरिएबल, मग लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. मेकॅनिक्सला कॅल्क्युलस एक आधी किंवा सोबत लागतो. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमला मेकॅनिक्स आधी. या शिडीतली एक पायरी एका सत्राने चुकली की वरच्या सगळ्या सरकतात. सेमिस्टरच्या कॉलेजात चारच नियमित सत्रं हातात असतात, त्यामुळे सरकायला जागा नसते.

साधारण मांडणी अशी बसते. पहिल्या फॉलमध्ये (ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सत्रात) कॅल्क्युलस एक, इंग्रजी निबंधलेखन आणि प्रोग्रॅमिंगचा पहिला विषय. स्प्रिंगमध्ये (जानेवारीनंतरच्या सत्रात) कॅल्क्युलस दोन, मेकॅनिक्स, प्रोग्रॅमिंगचा दुसरा. मधल्या उन्हाळ्यात जनरल एज्युकेशनचा (मेजर कोणताही असो, सगळ्यांना लागणाऱ्या विषयांपैकी) एखादा सुटसुटीत विषय. कॅल्क्युलस मात्र सहा आठवड्यांत उरकू नका, पुढच्या विषयात पाया डगमगतो. दुसऱ्या फॉलमध्ये मल्टिव्हेरिएबल, दुसरं फिजिक्स आणि क्रिटिकल थिंकिंगचं इंग्रजी. शेवटच्या स्प्रिंगमध्ये लिनिअर अल्जिब्रा किंवा डिफरन्शियल इक्वेशन्स, डिस्क्रीट मॅथ आणि उरलेलं. एपी कॅल्क्युलसमध्ये (शाळेत असताना दिलेली कॉलेज पातळीची परीक्षा) चांगले गुण असतील तर शिडी वरून सुरू करता येते, पण कोणत्या गुणांना कोणता विषय माफ होतो हे युनिव्हर्सिटीप्रमाणे बदलतं.

साखळीच्या मध्यावर कॉलेज बदलू नका, विशेषतः क्वार्टरहून सेमिस्टरला. डी अँझात कॅल्क्युलसचे १ए, १बी, १सी, १डी असे चार तुकडे आहेत. सेमिस्टरच्या कॉलेजात तोच मजकूर बहुधा तीन विषयांत बसवलेला असतो. १ए आणि १बी करून तुम्ही दुसरीकडे गेलात तर कुठला भाग झाला आणि कुठला राहिला याचा मेळ लागत नाही, आणि करारात तर अनेकदा पूर्ण मालिकाच समोर लिहिलेली असते. जिथे मालिका सुरू केली तिथेच संपवा.

जनरल एज्युकेशन: किती आणि केव्हा

२०२५ च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांना यूसी आणि कॅल स्टेट दोन्हींसाठी कॅल-गेटसी ही एकच यादी आहे: ११ विषय आणि एक प्रयोगशाळा, ३४ सेमिस्टर युनिट. प्रत्येकात किमान सी हवा. सी मायनस चालत नाही. मौखिक संवाद आणि एथ्निक स्टडीजही त्यात येतात. आयगेटसीच्या, म्हणजे आधीच्या पद्धतीच्या, याद्या अजून घरोघरी फिरत असतात, मोठ्या भावंडाचा कागद वापरू नका.

मानव्यविद्या किंवा समाजशास्त्राकडे जाणाऱ्याने ही यादी पूर्ण करावी. इंजिनिअरिंगवाल्याने आधी मेजरचे विषय, मग उरलेल्या जागेत जनरल एज्युकेशन. काउन्सेलर कधीकधी उलटा सल्ला देतात, कारण त्यांच्यासमोरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोच योग्य असतो. यादी पूर्ण पण फिजिक्स अर्धवट, असा इंजिनिअरिंगचा अर्ज टिकत नाही.

यूसीची किमान अट ६० सेमिस्टर युनिट आणि रहिवाशासाठी २.४ जीपीए (४ पैकी सरासरी गुण). ही दाराची उंची आहे, मागणी असलेल्या मेजरना याहून खूप जास्त लागतं. दुसरीकडे, खालच्या पातळीची, म्हणजे पहिल्या दोन वर्षांच्या विषयांची, ७० सेमिस्टर युनिटच यूसी मोजते. त्यावरच्या विषयांना विषय म्हणून मान्यता मिळते, युनिट वाढत नाहीत.

कॅल स्टेटसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर हा चांगला पर्याय आहे. २०१० च्या कायद्याने आलेली ही ६० युनिटांची पदवी घेतली की कॅल स्टेटमध्ये जागा नक्की, आणि जुळणाऱ्या मेजरमध्ये पुढची ६० युनिट करून बॅचलर्स. पण ‘जागा नक्की’ म्हणजे कॅल स्टेटमध्ये कुठेतरी. सॅन डिएगो स्टेट किंवा कॅल पॉली सॅन लुइस ओबिस्पो हवं म्हणून मिळेल असं नाही.

तारखा

कागदावर दोन वर्षं असली तरी अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर जातो. पहिल्या ऑगस्टपासून मोजा: पंधराच महिने. त्यात पूर्ण गुण दिसतात ते पहिल्या दोन सेमिस्टरचे आणि एका उन्हाळ्याचे. फॉलचे गुण जानेवारीत ट्रान्सफर अकॅडमिक अपडेटमध्ये भरायचे असतात, आणि हे पान न भरल्यामुळे हातची जागा जाऊ शकते. ‘पहिलं सेमिस्टर रुळायला, मग जोर लावू’ म्हणणाऱ्याचा एक-तृतीयांश पुरावा तिथेच संपतो.

टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी, हवी असेल तर १ ते ३० सप्टेंबर. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. एका वर्षी एकाच कॅम्पसचा टॅग. अर्ज करताना ३० सेमिस्टर युनिट पूर्ण असावी लागतात आणि शेवटचं नियमित कॉलेज कम्युनिटी कॉलेजच असावं लागतं. काही मेजर यातून वगळलेले असतात, म्हणून त्या वर्षीचा तक्ता पाहा. टॅग घेतला म्हणून बाकी कॅम्पसना अर्ज करता येत नाही असं मुळीच नाही. टॅग ही खाली ताणलेली जाळी समजा आणि वर बर्कलीला उडी मारा.

अर्जात आजवर शिकलेलं प्रत्येक कॉलेज लिहा, अकरावीत घेतलेला एक विषय आणि डब्ल्यू पडलेला (म्हणजे मध्येच सोडलेला) दुसरा असला तरी. लपवलेली ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) सापडली तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. बारावीनंतरच्या फॉलमध्ये नियमित विषय घेतला की तुम्ही यूसीच्या दृष्टीने ट्रान्सफर विद्यार्थी झालात, फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा अर्जदार) राहत नाही. गॅप इयर घेऊन पुन्हा फ्रेशमन म्हणून अर्ज करायचा विचार असेल तर त्या वर्षी कॉलेजला नाव नोंदवू नका.

आधीच कॅल स्टेटमध्ये असाल तर

मार्ग बंद नाही, वळसा आहे. पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी संपवा, मग कम्युनिटी कॉलेजात यूसीला चालणारी किमान ३० सेमिस्टर युनिट पूर्ण करा, आणि अर्जाच्या वेळी तेच तुमचं शेवटचं कॉलेज असू द्या. मग प्राधान्याच्या रांगेत नाव लागतं. कॅल स्टेटमधले गुण मात्र पुसले जात नाहीत, ते जीपीएत येतात. वरच्या पातळीचे विषय तिथे घेऊ नका: ७० ची मर्यादा खालच्या पातळीला आहे, वरची युनिट तिच्यावर चढतात आणि काही कॅम्पस फार युनिट झालेल्या विद्यार्थ्याला घेत नाहीत.

रोजच्या गोष्टी ज्यांवर बेत फसतो

नोंदणीची तारीख आधीची मिळावी म्हणून ओरिएंटेशन आणि काउन्सेलरसोबतचा शिक्षण-आराखडा पहिल्याच सत्राआधी पूर्ण करा. उशिरा नोंदणी म्हणजे फिजिक्स भरलेलं आणि साखळी तुटलेली. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या तासाला जाऊन बसा. न येणाऱ्यांची नावं शिक्षक त्याच दिवशी काढतात आणि ॲड कोड (वर्गात नाव घालायचा क्रमांक) देतात.

विषय झेपत नाही हे कळलं तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सोडा, ट्रान्सक्रिप्टवर काही उमटत नाही. नेमकी तारीख प्रत्येक विषयाच्या पानावर असते. त्यानंतर डब्ल्यू. एखादा डब्ल्यू चालतो, मेजरच्या विषयांत तीन असतील तर प्रश्न विचारले जातात. डी किंवा एफ आला तर पुन्हा बसता येतं, पण सी आला तर तो विषय सुधारायला परत घेता येत नाही. त्यामुळे कॅल्क्युलसमध्ये सी कडे घसरताना दिसलं तर डब्ल्यूची शेवटची तारीख बघून निर्णय घ्या.

यूसीचा प्रवेश एप्रिलअखेरपर्यंत कळतो आणि जागा पक्की करायची मुदत १ जून असते. प्रवेश मिळाल्यावरही अर्जात लिहिलेला एखादा स्प्रिंगचा विषय सोडायचा असेल तर आधी कॅम्पसला कळवा. शेवटच्या सत्रात डी पडला तर प्रवेश परत घेतला जाऊ शकतो. स्प्रिंगचे गुण लागले की अधिकृत ट्रान्सक्रिप्ट आणि एपीचे गुण पाठवा. सोबत कॅल-गेटसी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र पाठवण्याचा अर्ज कॉलेजच्या रेकॉर्ड कचेरीत वेगळा करा. ते सगळीकडे आपोआप जात नाही, आणि गेलं नाही तर नवं कॅम्पस तुमच्याकडून स्वतःच्या जनरल एज्युकेशनचे विषय नव्याने मागू शकतं.